१०४ नव्हे, १०४०: व्हीनस का काळवंडले त्याचा उलगडा

सापडलं. बाल्कनीतली माझी कीटकभक्षी झाडं का काळवंडतायत, याच्या अडीच महिने मागे होते, ते शेवटी सापडलं, आणि सापडल्यावर हसावं की मीटर खिडकीतून भिरकावून द्यावा, तेच कळेना.

एप्रिलमध्ये कुंड्यांखालच्या ट्रेमधल्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्राम) रीडिंग १०४ आलं होतं. मागच्या नोंदीत मी ते जरा तोऱ्यातच लिहिलं होतं: थोडं जास्त आहे, पण उन्हाळा आहे, चालायचंच. नंतर चष्मा लावून पुन्हा मोजलं, तर आकड्याच्या कोपऱ्यात ‘×१०’ अशी इवलीशी खूण लुकलुकत होती. आपण सगळे वापरतो ते पेनासारखे मीटर ९९९ च्या वर गेले की आकडा दहाने भागून दाखवतात. म्हणजे १०४ नव्हे, १०४०. बिचारी झाडं खाऱ्या पाण्यात पाय सोडून उभी, आणि मी त्यांना ऊन लागतंय म्हणून हिरवी जाळी ताणत बसलेली.

मीटरचा दोष नाही, हे आधीच सांगते. तीनशे रुपयांचा पिवळा पेन आहे, पण ३४२ च्या कॅलिब्रेशन द्रावणात बुडवला तर ३३८ दाखवतो. याहून जास्त काय हवं? महागडा मीटर घेऊ की नको हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला होता. नको. आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

हिशेब असा. ट्रेमध्ये दहा कुंड्या: ४ व्हीनस (फ्लायट्रॅप, सापळा मिटून किडे पकडणारे), २ सरासेनिया (झाकणाच्या उभ्या नळ्यांचे), ४ कॅपेन्सिस (पानांवर चिकट दव धरणारे दवबिंदू). मीडिया, म्हणजे कुंडीतलं मिश्रण, नेहमीचंच: निम्मं पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), निम्मं पर्लाइट (फुगवलेला खडक). मार्चअखेर कॅपेन्सिसचे दव गेले. पानं होती, केस होते, पण टोकाला चिकट थेंब नाही, टक्कल पडल्यासारखी दिसायची. मग सरासेनियाच्या झाकणांच्या कडा तपकिरी झाल्या. मग व्हीनसचे सापळे काळे पडायला लागले. जुना सापळा काळा पडणं हे रोजचंच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण नवा सापळा उघडायच्या आतच काळा? तिथे मी घाबरले.

संशयित नंबर एक: ऊन. धायरीतली आमची बाल्कनी पश्चिमेची, चारनंतर तव्यासारखी तापते. जाळी लावली, फरक शून्य. संशयित नंबर दोन: हवेतला कोरडेपणा. पुण्याची एप्रिलची हवा ओठ फोडते तिथे दवबिंदूचं काय होणार, असं वाटून सकाळ-संध्याकाळ फवारे मारले. तेही शून्य. तिसरा संशय पीटवर. मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून आणलेली नवी बॅग होती आणि त्यात खत (या झाडांना ते सोसत नाही) मिसळलेलं असतं की काय या भीतीने माझी झोप उडाली. (नर्सरीवाले वापरतात त्या पीटमध्ये बरेचदा खत असतंच, बॅगवरचं बारीक अक्षर वाचून घ्यावं. आणि ‘पीट म्हणजे कोकोपीटच हो ताई’ असं सांगणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं. कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम असतं, ते धुऊन धुऊन हात दुखतात.) पण बॅगेतलं उरलेलं पीट डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजवून, गाळून मोजलं तर २२ आलं. पीट निर्दोष.

या सगळ्यात मी केलेला खरा गुन्हा वेगळाच. झाडं वाळतायत असं वाटून मी पाणी वाढवलं. ट्रे कधी रिकामा होऊ दिला नाही. सकाळी भर, संध्याकाळी भर.

एक धागा तर डोळ्यांसमोर लटकत होता. अक्षरशः लटकत होता. ग्रिलला टांगलेली खासियाना घटपर्णी ठणठणीत होती. सुरया सुकल्या होत्या, पण त्या दर उन्हाळ्यात सुकतात. पानं हिरवीगार. पाणी तेच, बाल्कनी तीच. फरक एवढाच की ती ट्रेमध्ये बसत नाही. तिला वरून भरपूर पाणी घालते आणि ते खालून निथळून जातं. याचा अर्थ लागायला मला मे उजाडावा लागला.

उलगडा झाला तो जेवणाच्या टेबलावर. सासूबाई पाण्याचा पेला ठेवत म्हणाल्या, "हल्ली पाणी कसं गोड लागतं नाही? मधे अगदी बेचव झालं होतं."

मी म्हटलं, "हल्ली म्हणजे कधीपासून, आई?"

"अगं, मार्चमध्ये तो सर्व्हिसवाला मुलगा आला होता ना, त्याला सांगून मागचा स्क्रू फिरवून घेतला मी. दोन मिनिटांचं काम."

तो स्क्रू! आरओच्या मागे टीडीएस कंट्रोलर नावाचं जे पिटुकलं बटण असतं, ते मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतं, चवीसाठी. माणसाला ते बरंच, पण आपल्या झाडांना नाही. मी जेवण अर्धवट सोडून उठले (त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली) आणि झाडांना घालते ते आरओच्या नळाचं पाणी मोजलं. १६४.

माझ्या डोक्यात आकडा होता १४. नोव्हेंबरमध्ये मोजला, बाल्कनीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला आणि मीटर खणात टाकला. ट्रे मधूनमधून मोजायचे, पण नळ एकदाच. नळाच्या पाण्याचा आकडा बदलतो हे डोक्यातच आलं नाही.

आणि बदलला तोही दोन्हीकडून. नोव्हेंबरात टाकीत धरणाचं पाणी होतं, कच्चंच ११८. मार्चनंतर सोसायटीत टँकर सुरू झाले. खडकवासल्यापासून हाकेच्या अंतरावर राहून टँकरचं पाणी प्यायचं हे धायरीकरांना नवीन नाही. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, काळ्या पाषाणातून कॅल्शियम-मॅग्नेशियम गोळा करत आलेलं. परवाचं रीडिंग ७२०. मेम्ब्रेन ९०-९५ टक्के क्षार अडवतं, पण शंभरातले पाच-दहा सोडतंच, आणि ७२० चे पाच-दहा टक्के म्हणजे ११८ चे नव्हेत. मेम्ब्रेनच्या नळीतून थेट घेतलेलं पाणी ५८ आलं. त्यावर आईंचा स्क्रू. झाले १६४.

तरी १६४ चे १०४० कसे? इथे कागद-पेन घेऊन बसले. एप्रिल-मेमध्ये माझा ट्रे दिवसाला साधारण एक लिटर पाणी पितो. पितो म्हणजे उडवतो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार कुठेच जात नाहीत. एका लिटरमागे १६४ मिलिग्राम, ६० दिवसांत जवळजवळ १० ग्राम. दीड चमचा मीठ मी स्वतःच्या हाताने त्या दहा कुंड्यांत घातलं. १४ चं पाणी असतं तर साठ दिवसांत एक ग्रामही झाला नसता. जितकी काळजी जास्त, तितकं पाणी जास्त, तितकं मीठ जास्त. खासियानाचं मीठ मात्र रोज खालून वाहून जात होतं.

उपचार. बॅटरीत घालायच्या डीएम पाण्याचे पाच लिटरचे चार कॅन आणले. (मोजून घ्या! एका दुकानातला कॅन ४ निघाला, दुसऱ्यातला ३८. लेबल दोन्हीकडे सारखंच.) ट्रे घासून कोरडा केला, प्रत्येक कुंडीवरून अर्धा-अर्धा लिटर असं चार वेळा सोडलं आणि दर वेळी खालून निथळलेलं मोजलं. एका सरासेनियाचे आकडे: ९८०, ४१०, १५०, ७०. तो चौथा आकडा बघून जो आनंद झाला, तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

दोन व्हीनस गेले. उपटून पाहिलं तर कंद काळा, लिबलिबीत, वास मारणारा. तिसऱ्याचा निम्मा काळा, पण खाली बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र तुकडा होता. तो कापून नव्या पीटमध्ये लावला. चौथा जागचा हलवलाच नाही. बाराव्या दिवशी तिसऱ्याच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं दिसलं. मी रोज भिंग घेऊन बघतेय. आता त्याला पापण्या फुटल्यात.

कॅपेन्सिसने तर कमालच केली. आठव्या दिवशी सकाळी सहाला नव्या पानावर दव! दहा वाजेपर्यंत त्यावर एक चिलट. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. त्याचा प्रतिसाद इथे लिहिण्यासारखा नाही.

आता पुढचं. कालपर्यंत ठरलं होतं की आरओचा स्क्रू परत मिटवायचा. पण सासूबाईंना दोन महिन्यांनी पाणी गोड लागतंय, ते मी एका झुडपासाठी बेचव करणार? शक्य नाही. मग ठरलं की मेम्ब्रेनच्या नळीला, कंट्रोलरच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा व्हॉल्व्ह लावायचा. पाव इंची नळी, शंभर रुपयांच्या आतलं काम. तरीही टँकरच्या दिवसांत ५८ च मिळणार. आपल्या मंडळींत ५० च्या खाली उत्तम मानतात. ५८ चालेल, पण दर पंधरा दिवसांनी वरून फ्लश करावाच लागेल.

एसीचं पाणी सुचवणाऱ्यांसाठी: मोजलं, ९ आहे. पण पुण्यात गंमत अशी की हवा कोरडी असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, एसी पाणी देत नाही. एप्रिलमध्ये रात्रभरात जेमतेम थोडं, जूनमध्ये बादली भरते. सर्व्हिसिंगनंतर चार-पाच दिवसांचं तर फेकूनच द्यायचं, कॉइल धुवायचं रसायन असतं त्यात.

म्हणून पाऊस. मेमधल्या वळवाचं पाणी ४६ होतं, हवेतली सगळी धूळ घेऊन आलेलं. ते टाकलं. गेल्या आठवड्यातलं ११. गच्चीवर पाच बाय चार फुटांची ताडपत्री तिरकी बांधली, सेक्रेटरी काकांना चहा पाजून परवानगी घेतली. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे १० मिमीची एक सर आली की मला १८ लिटर. ऑक्टोबर ते मे मला लागतं किती? उन्हाळ्यात रोज एक लिटर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निम्म्याहून थोडं जास्त, डिसेंबर-जानेवारीत डॉर्मन्सी (झाडांची हिवाळी झोप) असल्याने पाव-अर्धा. सगळं मिळून १६० लिटरच्या आसपास. दोनशे लिटरचा एक निळा ड्रम की काम झालं.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की भरलेला ड्रम दोनशे किलोचा, तो बाल्कनीच्या एका कोपऱ्यात ठेवणं बरं नाही, आणि गच्चीवर ठेवला तर रोज तीन मजले चढायचे. ड्रम रद्द. वीस लिटरचे दहा कॅन, दिवाणाखाली. अंधार असेल म्हणजे शेवाळ धरणार नाही. दिवाणाखालच्या गाद्या कुठे जाणार हा प्रश्न घरात अजून मांडलेला नाही.

डासांचं विसरू नका. कीटकभक्षी झाडांच्या ट्रेमध्ये डासांच्या अळ्या सापडणं यापेक्षा मोठी नामुष्की नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी करायला आलेल्या बाईंनी माझ्या ट्रेकडे बोट दाखवून विचारलं होतं, "मग ही झाडं नक्की खातात काय?" तेव्हापासून पावसाळ्यात दर चार दिवसांनी ट्रे पूर्ण ओतून नवं पाणी, कॅनच्या तोंडाला फडकं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा तरी लागतो, त्यामुळे चार दिवस पुरतात.

ट्रेबद्दलही मत बदलतंय. व्हीनस कॅरोलायनाच्या दलदलीतला, त्याला बारमाही ओल हवीच. पण आपल्या कासच्या सड्यावरचे दवबिंदू बघा. पावसाळाभर जांभ्यावरच्या झिरपत्या पाण्यात चमकतात, सडा सुकला की बी टाकून संपतात. तिथे पाणी साचून आटत नाही, वाहत राहतं. (तिथून रोप आणायचा विचारसुद्धा करू नका. बघा आणि परत या.) म्हणून यंदा पावसाळाभर ट्रे काढून टाकतेय, दहाच्या ऐवजी उरलेल्या आठ कुंड्या थेट पावसात. उरलंसुरलं मीठ पाऊसच धुऊन नेईल. ऑक्टोबरात ट्रे परत, पण एक सेंटिमीटरच, आणि तो पूर्ण आटल्यावर एक दिवस थांबून मगच पुन्हा भरायचा. डिसेंबरात व्हीनस-सरासेनियाला नुसती ओल. गेल्या हिवाळ्यात रात्री ११ अंश असताना ट्रे भरलेला ठेवला होता, गेलेल्या दोन व्हीनसचे कंद तेव्हाच कच्चे झाले असावेत असा आता दाट संशय आहे. पिंग (पिंग्विक्युला, चिकट पानांचं आणखी एक कीटकभक्षी झाड) आत खिडकीत, तिला थंडीत आठवड्याला दोन चमचे बास.

आज सकाळी पहिला कॅन भरला. तारीख आणि ‘११’ मार्करने लिहिलं, कोपऱ्यात ×१० नाही ना हे तीनदा बघितलं. आई बघत उभ्या होत्या. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी, हे तर अगदीच बेचव."