नायल्याची पिवळी ओढणी

जयपूरच्या जोहरी बाजारात गोटापट्टीच्या, म्हणजे चकचकीत फितीची नक्षी शिवलेल्या, ओढण्या दुकानांच्या दारात अशा टांगलेल्या असतात की दुपारच्या उन्हात डोळे दिपतात. आमेर, हवामहल, जंतरमंतर सगळं पाहून झालं, आणि ते पाहावं असंच आहे. पण मला लिहायचंय ते ओढणीबद्दल.

आमच्या गाडीवाल्याने आधी एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. चहा आला, बडीशेप आली, गादीवर ओढण्यांचा ढीग पडला. "सब हाथ का काम है, मॅडम." मी एका ओढणीची कड उलटी करून पाहिली. मागे टाकाच नाही! सोनेरी पानं गोंदाने चिकटवलेली, नखाने उचलली की सुटत होती. अशी ओढणी विकण्याला माझी हरकत नाही, स्वस्तातलीही लोकांना हवी असते. पण ती हाताचं काम म्हणून, हाताच्या कामाच्या भावाने विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे. शिवाय ज्या बायका खरंच हाताने हे काम करतात, त्यांच्या पोटावर पाय.

त्या संतापातच दुसऱ्या दिवशी नायल्याला गेलो. आग्रा रोडने निघालं की जयपूरच्या पूर्वेला हे गाव लागतं. मार्च 2000 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन इथे येऊन गावच्या बायकांबरोबर नाचले होते. आम्हालाही गावात शिरल्या शिरल्या तेच आधी सांगण्यात आलं. माझ्या लेखी गावाची खरी ओळख मात्र ओसरीवर होती. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसलेल्या बायका, आणि मांडीशी गोट्याची रिळं.

गोटा म्हणजे धातूची चपटी तार आणि रेशमी किंवा सुती धागा यांची विणलेली फीत. पूर्वी ही तार सोन्याचांदीची असे, पुढे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची आली, आता बहुतेक माल चकचकीत प्लास्टिकचा. खऱ्या चांदीच्या जुन्या ओढण्या जाळून त्यातली चांदी काढून घेत. आपल्याकडेही जुन्या जरीच्या साड्यांचं हेच झालं, आजीच्या पिढीची कितीतरी लुगडी अशीच गेली. रुंद पट्टी तो लप्पा, नागमोडी ती बांकडी, झालर असलेली ती किरण. फितीचा चौकोनी तुकडा कापायचा, कोपरे आत दुमडायचे, पुन्हा दुमडायचं, नखाने दाबायचं की एक पान तयार. अशी पानं जोडत जोडत फूल होतं, कोयरी होते, मोर होतो. मग कडेकडेने बारीक टाके, वरून दिसू न देता. मी एक पान दुमडून पाहिलं, तर ते हातातच उलगडलं. शेजारची शाळकरी मुलगी तेवढ्यात तीन करून मोकळी झाली.

ओसरीच्या टोकाला एक काकीसा पिवळ्याधमक ओढणीला किरण लावत होत्या. लाल काठ, मध्ये लाल कमळाचं मोठं वर्तुळ. हा पीळा. बाळंतिणीला तो माहेरून येतो आणि विहीर पूजायला जाताना ती तो पांघरते. रूढी अशी की मुलगा झाला तरच. मी सहज विचारलं, "नातू झाला का?"

काकीसांनी सुई थांबवली नाही. "बेटी हुई है। तो क्या मेरी छोरी पीला नहीं ओढ़ेगी?"

बाकीच्या बायका गप्प झाल्या. एक वयस्कर बाई काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं नाही, पण सूर कळला. काकीसा तशाच शिवत राहिल्या. पूजन रविवारी होतं आणि अजून दोन बाजूंची किरण बाकी होती. माहेरच्या साडीचं मोल आपल्याकडच्या बाईला वेगळं सांगायला नको. मुलगी झाली म्हणून ती साडीच यायची नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. मी त्यांच्यापुढे बसकण मारली आणि ओवलेल्या सुया हाती देत राहिले. त्या दुपारी आम्ही जयपूरचं अल्बर्ट हॉल संग्रहालय पाहणार होतो, ते राहिलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

नणंदेला तो पीळाच आवडला, तिने किंमत विचारली. "ये बिकाऊ नहीं है," म्हणून काकीसा हसल्या. मग मी श्रावणातल्या तीजेच्या सणाला घेतात तशी हिरवी लहरिया, म्हणजे लाटांसारख्या पट्ट्यांची, ओढणी सांगितली, लप्पा आणि पानांची वेल लावून. किरणेचे पैसे मीटरवर वेगळे लागले. "वहिनी, थोडं तरी कमी करायला सांगा," नणंद कानाशी कुजबुजली. मी सांगितलं नाही, आणि पूर्ण रक्कमही आगाऊ दिली. ओढणी तीजेच्या आधी कुरियरने आली, मलमलमध्ये गुंडाळून. सोबत निरोप होता: अत्तर लागू देऊ नका, इस्त्री उलट्या बाजूनेच, आणि घडी अधूनमधून मोडत राहा.