पूर्वेकडची मोकळी बाजू

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मार्गावर काढलेली रांगोळी मिरवणुकीच्या पायांखाली पुसली जाते आणि त्याची खंत सोलापुरात कोणी करत नाही. अमेरिकेच्या नैऋत्येकडील नवाहो लोकांची वाळूचित्रेही अशीच पुसण्यासाठी असतात. मात्र साम्य तेवढेच, कारण तिथे चित्र हाच उपचार असतो. होगान या पारंपरिक घराच्या जमिनीवर मंत्रगायक आणि त्याचे साहाय्यक दगडांची रंगीत पूड व कोळशाची भुकटी अंगठा आणि तर्जनी यांमधून सोडत देवतांच्या आकृती काढतात. मग रुग्णाला त्या चित्रावर बसवून देवतांच्या अंगावरची वाळू त्याच्या अंगाला लावतात आणि विधी संपताच चित्र मोडतात.

रंगांना दिशा ठरलेल्या आहेत: सर्वसाधारणपणे पूर्वेला पांढरा, दक्षिणेला निळा, पश्चिमेला पिवळा, उत्तरेला काळा. चित्राभोवती बहुधा इंद्रधनुष्य-देवतेची लांबलचक आकृती तीन बाजूंनी राखण करते आणि पूर्वेची बाजू मोकळी ठेवते. होगानचे दारही पूर्वेलाच असते. मला स्वतःला रंगांपेक्षा ही मोकळी बाजू अधिक अर्थपूर्ण वाटते.

चादरींच्या या गावात एक गोष्ट सांगायलाच हवी. होस्टीन क्लाह (१८६७–१९३७) हे मंत्रगायकही होते आणि विणकरही. त्यांनी ही पवित्र चित्रे मागावर विणली, तेव्हा त्यांच्याच समाजातून विरोध झाला; जे विधीनंतर पुसायचे, ते लोकरीत कायमचे राहणार होते.