खाणीतली विद्या मोबाइलवर कशी येणार?

मी कोळसा खाणीच्या व्हीटीसीत, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात शिकवतो, आणि खाणवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतही असतो. नव्याने भरती झालेली मुलं विचारतात, ओव्हरमनच्या, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याच्या परीक्षेला बसणारी विचारतात. निवृत्तीला आलेले सिरदार, म्हणजे खाली टोळीबरोबर राहून छत तपासणारे, तर जरा चिडूनच विचारतात: "सर, छत ठोकून कळतं. ते व्हॉट्सॲपवर कसं कळणार? मग तुम्ही त्या ग्रुपांत एवढा वेळ का घालवता?"

सगळेच विचारतात म्हणून सविस्तर सांगतो.

सिरदारांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. काठीने छत ठोकलं की घट्ट छत खणखणीत वाजतं. वरचा थर सुटलेला असेल तर आवाज बसका येतो, आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवली असतील तर त्यांना थरथर जाणवते. ही थरथर ज्याच्या बोटांना एकदा कळली तो ती जन्मभर विसरत नाही, आणि कुठल्याही व्हिडिओतून ती मिळत नाही. त्यासाठी सिरदाराच्या मागे मागे फिरावंच लागतं.

शिवाय आमच्या कामात मोबाइल खाली नेताच येत नाही. हवेत मिथेन वायू 5 ते 15 टक्के असेल तर एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरताना विडी-काडीबरोबर साधा फोनही वरच ठेवायचा. त्यामुळे आमच्या ग्रुपवर फेसचे, म्हणजे कोळसा तोडतात त्या जागेचे, फोटो फारसे नसतात, पाळी संपल्यावर कागदावर पेनाने काढलेली चित्रं असतात. मला ती फोटोपेक्षा जास्त आवडतात. चित्र काढणाऱ्याला ठरवावं लागतं की स्लिप, म्हणजे छतातली चीर, कुठून कुठे गेली होती, छत धरून ठेवणारा शेवटचा बोल्ट फेसपासून किती लांब होता, पाणी कुठल्या कोपऱ्यात ठिबकत होतं. फोटो काढणारा यातलं काहीच न बघता परत येऊ शकतो.

मग ग्रुप कशासाठी? आपल्या खाणीत जे अजून घडलेलं नाही, ते दुसरीकडे कसं घडलं हे कळावं म्हणून. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळच्या चासनाल्यात जुन्या खाणकामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि 375 माणसं गेली. 2001 मध्ये झरियाच्या बागडिगीत पुन्हा जुन्या कामातलंच पाणी आलं, 29 जण गेले. 2002 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत तेच झालं. शेजारच्या बंद खाणीचा नकाशा अपुरा होता आणि कोळसा काढता काढता मंडळी थेट त्या पाण्यात घुसली. पण तिथे पाणी फुटताच आत सापडलेल्या नऊ जणांनी खाणीतच बसवलेल्या फोनवरून दुसऱ्या टोळीला कळवलं. ती टोळी बाहेर पडू शकली, आणि अडकलेल्या नऊ जणांनाही भोक पाडून जिवंत वर काढलं. तीन ठिकाणं, दोन देश, कारण एकच. वर्गात मी हे तिन्ही प्रसंग शेजारी शेजारी सांगतो, तेव्हा मुलं आपल्या खाणीचा जुना नकाशा मागायला लागतात. माझ्या दृष्टीने शिक्षण झालं ते तिथेच.

आता आमच्या भागातलं सांगतो. वणी-चंद्रपूर पट्ट्यात ओपनकास्टचे, म्हणजे उघड्या खाणींचे, डंप (काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे) पुष्कळदा काळ्या मातीवर उभे असतात. ही माती पाणी प्यायली की फुगते, मऊ होते. वर कितीही चांगला मुरूम टाका, पायाच सरकतो. एका पावसाळ्यात दुसऱ्या पाळीनंतर एका तरुण ओव्हरमनने ग्रुपवर लिहिलं: डंपच्या माथ्यावर बोटभर भेग दिसतेय, पायथ्याशी जमीन उचलल्यासारखी वाटतेय, काय समजू? पहिलं उत्तर तेलंगणातल्या सिंगरेणी कोळसा खाणीत काम केलेल्या माणसाचं होतं: आधी पायथ्याची मशीन बाजूला घे, मॅनेजरला फोन कर, मग इथे बोलू. मुलाने तसं केलं. नंतर प्रश्नांची सरबत्ती झाली. खालची काळी माती आधी काढली होती का? पाण्याचा चर कुठून काढलाय? ओडिशातल्या एका सर्व्हेअरने सांगितलं की भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोक आणि दर पाळीला अंतर मोज, कारण भेग किती रुंद आहे यापेक्षा ती किती वेगाने वाढतेय ते महत्त्वाचं. 2016 च्या डिसेंबरात झारखंडमध्ये लालमटियाला ढिगारा घसरून 23 जण गेले होते, ते उत्तरं देणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असणार. आमच्याकडे पाणी वळवलं, डंपची उंची उतरवली, काम पुन्हा सुरू झालं. आज नवीन मुलाला मी ती सगळी बातचीत जशीच्या तशी वाचायला देतो.

अशी बातचीत कमी होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुरक्षा सप्ताहाचे फोटो, बढतीचं अभिनंदन, निवृत्तीचे हार, हे सगळं असावं. पण थोडक्यात हुकलेल्या अपघाताबद्दल कुणी लिहीत नाही. माणूस मेला की चौकशी होते, परिपत्रक निघतं. छत पडलं आणि खाली कुणी नव्हतं, तर ती गोष्ट त्या पाळीतच विरून जाते. कारण सरळ आहे, चार्जशीटची, म्हणजे कंपनीच्या कारवाईची भीती. म्हणून माझ्याकडे कुणी असा प्रसंग पाठवला की मी खाणीचं नाव, तारीख, माणसांची नावं काढून टाकतो. थराची जाडी, खोली, छताला दिलेल्या शेवटच्या सपोर्टपासूनचं अंतर, पाळी कितवी, पाऊस होता का, हे मात्र जसंच्या तसं ठेवतो. शिकायचं असतं ते यातूनच.

दोन गोष्टींवर मी अडून बसतो. मृताचा फोटो कुणीही टाकायचा नाही. घरच्यांना बातमी मोबाइलवरून कळणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. आणि ग्रुपवर मिळालेलं उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. सपोर्ट किती अंतरावर लावायचा ते मॅनेजरच्या मंजूर प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, आणि तेच पाळायचं, मग सल्ला देणारा ऑस्ट्रेलियातला का असेना.

राहिला कंत्राटी डंपर ऑपरेटरांचा प्रश्न. लांब मजकूर त्यांच्यातलं कुणी वाचत नाही. त्यांच्यासाठी आम्ही मिनिटभराचे व्हॉइस मेसेज करतो. मोठ्या डंपरच्या केबिनमधून अगदी पुढ्यात उभी असलेली जीपही दिसत नाही; म्हणून जीपवाल्याने आधी वॉकीटॉकीवर सांगायचं, ऑपरेटरचा होकार ऐकायचा, मगच जवळ जायचं. एवढंच, पण ऑपरेटरच्याच आवाजात. मराठी आणि हिंदीतले मेसेज झाले आहेत, भोजपुरीत बोलायला एक ऑपरेटर तयार झाला आहे. तेलुगूत बोलणारा अजून मिळालेला नाही. बल्लारपूर-राजुरा भागात कुणी ओळखीचा असेल तर कळवा.