घटातलं धान वाकडं का आलं

यंदा देवघर किचनमधून हॉलच्या कोपऱ्यात आणलं, म्हणून घटही तिथेच बसला. आमचा इंदिरानगरातला फ्लॅट, कोपऱ्याला उजेड म्हणजे डावीकडची एकच खिडकी. पाचव्या माळेला बघतो तर धान मस्त चार बोटं वर आलेलं, पिवळंधमक, आणि सगळंच्या सगळं खिडकीकडे कललेलं, स्टॉपवर बसची वाट बघणाऱ्या लोकांसारखं. आईला म्हटलं जरा फिरवून ठेवू का, सरळ होईल. तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. घट उठेपर्यंत हलवायचा नसतो!

मग मोबाईल घेऊन वाचत बसलो. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस, दोघांनी गवताच्या कोंबांवर हाच खेळ केलेला, 1880 मध्ये छापलाय. कोंबाच्या टोकाला टोपी घातली की तो वाकेना, पण टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वाकायचा. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकायचं काम खाली. पुढे कळलं की टोकातून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली उतरतं, उजेड एकाच बाजूने आला की ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी लांबतात आणि कोंब दुसरीकडे झुकतो. मी इतकी वर्षं समजत होतो ऊन त्याला ओढून घेतं, इथे तर मागची अंधारातली बाजूच ढकलतेय.

आईचं मात्र चालू, यंदा धान काय उंच आलंय, पीकपाणी चांगलं होणार. मी गप्प. उजेड कमी पडला की कोंब हिरवं व्हायचं सोडून सगळी ताकद उंच होण्यात घालवतो, हे नवरात्रात कोण सांगणार.

दिंडोरीच्या मामाला फोनवर सांगितलं. त्याच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, चालू होती, तो म्हणे हे तू मला शिकवतो का, एप्रिलच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यावर, कोंब फुटतो तिथे, ऊन पडलं नाही तर घडाच्या जागी नुसती बाळी, आधाराला गुंडाळणारा तंतू, निघते, म्हणून तर आम्ही उन्हातान्हात फुटी विरळतो. आणि फोन ठेवला, मजूर थांबले होते.

दसऱ्याला घट एकदाचा हलला. बाबांनी चार कोंब टोपीत खोचले, तेही वाकडेच, आणि सोनं वाटायला निघाले.