पूर्वेची बाल्कनी

तळेगावच्या बंगल्याची वास्तुशांत गेल्या रविवारी झाली. घर आमच्या ऑफिसने केलेलं, म्हणून मी आणि सर गेलो होतो. जेवणं झाल्यावर काकू, म्हणजे घरमालकीणबाई, सगळ्या पाहुण्यांना घर दाखवायला वर घेऊन गेल्या आणि पूर्वेच्या बाल्कनीत एकाच वेळी चौदा माणसं उभी राहिली. चौदा, कारण मी मोजली. दोन लहान मुलं रेलिंगला धरून उड्या मारत होती आणि मी आत बेडरूममध्ये उभी राहून बाल्कनी जिथे भिंतीला मिळते त्या रेषेकडे बघत होते. ती बाल्कनी पडणार नाही हे मला माहितीये, आकड्यांसकट माहितीये, तरी घरी येऊन झोप लागली नाही म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यात एका छोट्या ऑफिसात आर्किटेक्ट आहे. या घराचं काम चालू होतं तेव्हा कॉलेज संपून अडीच वर्षं झाली होती. ड्रॉइंग, महापालिकेच्या चकरा, टाईल्सच्या दुकानात क्लायंटबरोबर चार-चार तास, हे सगळं बाहेरच्यांना साधारण ठाऊक असतं. स्लॅबचा दिवस काय असतो ते मात्र सांगून कळत नाही. घरात बाकी काहीही चुकलं तरी तोडून परत करता येतं, भिंत पाडता येते, टाईल उखडता येते. स्लॅबच्या दिवशी मात्र सकाळी जे उघडं दिसत असतं ते संध्याकाळी कायमचं झाकलं जातं आणि पुढची पन्नास वर्षं आत काय आहे ते कुणी बघणार नसतं.

पहिल्या मजल्याचा स्लॅब होता, २८ घनमीटर माल म्हणजे काँक्रीट, एम-२५ ताकदीचं, रेडीमिक्सच्या, म्हणजे प्लांटमधून तयार येणाऱ्या मालाच्या, पाच गाड्या. घराला दोन बाल्कन्या, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, प्रत्येकी तीन मीटर लांब आणि दीड मीटर बाहेर आलेल्या, खाली काही आधार नाही. आदल्या संध्याकाळी आरसीसी कन्सल्टंटचा, म्हणजे सळ्या-काँक्रीटचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचा, माणूस येऊन स्टील चेक करून गेला होता, मीही त्याच्याबरोबर फिरले होते, फोटो काढले होते, सगळं व्यवस्थित होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर सगळे हेच म्हणाले की काल तर व्यवस्थित होतं. आपल्याकडे सही होते ती आदल्या दिवशी आणि सळ्या हलतात त्या दुसऱ्या दिवशी, पंधरा माणसं पाईप ओढत त्यांच्यावरून चालायला लागली की. प्रत्यक्ष माल पडताना तिथे कन्सल्टंटचं कुणी असावं असा आग्रह कुणी धरत नाही, कारण त्या एका व्हिजिटचे पैसे कुणाला द्यायचे नसतात. बाथरूमच्या नळाला तीस हजार सहज निघतात.

बाल्कनीचं स्टील एवढं का महत्त्वाचं ते सांगते. साध्या स्लॅबमध्ये, म्हणजे चारी बाजूंनी आधार असलेल्या, मुख्य सळ्या खालच्या बाजूला असतात कारण स्लॅब मध्ये झोल खातो आणि ताण खाली येतो. बाल्कनी उलटी वागते. झाडाच्या फांदीला टोकाशी लोंबकळलात तर ती बुंध्यापाशी वरच्या बाजूने चिरते, बाल्कनीचं अगदी तसंच आहे, म्हणून तिथे मुख्य सळ्या वर लागतात. आमचा स्लॅब मुळाशी १५० मिलिमीटर जाड होता, वर २० चं कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, १० मिलिमीटरच्या सळ्या, म्हणजे सळीचा मध्य तळापासून १२५ वर. हा १२५ चा आकडा म्हणजे बाल्कनीचा जीव. सळी ५० मिलिमीटर खाली दबली तर सळ्या तेवढ्याच, काँक्रीट तेवढंच, पण ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होते. दोन इंचांत. आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

सळ्या वर राहाव्यात म्हणून खाली खुर्च्या लावतात, वाकवलेल्या सळीच्या छोट्या घोड्या. आमच्याकडे त्या १० एमएमच्या, मीटरला एक अशा ड्रॉइंगवर लिहिलेल्या होत्या. प्रत्यक्षात सळ्या बांधणाऱ्या फिटरने उरलेल्या ८ एमएमच्या तुकड्यांच्या केल्या होत्या आणि पाय दोन्हीकडे नीट फाकवलेले नव्हते. आदल्या दिवशी त्या उभ्या होत्या म्हणून आम्हाला ठीक वाटल्या. त्यांच्यावर माणूस उभा राहिला तर काय होईल हे मी पायाने दाबून बघितलं नाही. आता प्रत्येक साईटवर बघते.

सकाळी शिवाजीनगरहून लोकल पकडून मी आठला साईटवर. काकांनी नारळ फोडला, मुकादमाला आणि फिटरला टॉवेल-टोपी, सगळ्यांना पेढे. काका मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, पीएफचे बहुतेक सगळे पैसे या घरात. पहिली गाडी वेळेवर आली आणि पूर्वेच्या टोकापासून माल टाकायला सुरुवात झाली. मी वर होते, बीममध्ये माल दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरतोय का बघत होते, तेवढ्यात खालून काकांनी हाक मारली की दुसरी गाडी आलीय आणि ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतोय.

मी धावत खाली गेले. चलनावर भरल्याची वेळ ९.१०, आणि गाडी पोचली १०.५० ला, तळेगाव-चाकण रस्त्यावर अडकलेली. माल घट्ट झाला होता. स्लम्प काढला, शंकूसारखा साचा भरून उचलायचा आणि माल किती खाली बसतो ते मोजायचं, तर १२० पाहिजे तिथे जेमतेम ७०. पंपवाला म्हणतोय असा माल पाईपातून जाणार नाही, ड्रायव्हरच्या हातात नळी, मुकादम म्हणतोय "ताई, दोन बादल्या पाण्यानं काय होतंय, सगळेच टाकतात." सगळेच टाकतात हे खरंय आणि म्हणूनच सगळ्यांचे स्लॅब गळतात. मी नळी बंद केली, प्लांटला फोन केला, त्यांच्या क्वालिटीच्या मुलाला बोलावलं, त्याने येऊन मोजून अ‍ॅडमिक्स्चर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, टाकलं, ड्रम फिरवला, परत स्लम्प काढला, ११५ आला. मग तिथेच ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे, क्यूब, भरून घेतले, तीन थरांत, प्रत्येक थराला ३५ ठोके, मोजून. सगळं मिळून पाऊण तास. काका बाजूला उभे राहून बघत होते आणि म्हणाले, "पोरी, तू आहेस म्हणून निवांत आहे." मला फार बरं वाटलं. खरंच वाटलं, आणि ते काम चांगलंच होतं, अजूनही तसंच वाटतं. पण त्याच पाऊण तासात वर पूर्वेची बाल्कनी भरून, फळीने ओढून, थापीने गुळगुळीत करून झाली होती.

मी वर गेले तेव्हा छान दिसत होती. मला काहीच शंका आली नाही.

शंका आली दोन वाजता, पश्चिमेच्या बाल्कनीपाशी. तिथे मी समोरच उभी होते. पाईप धरणारी पाच-सहा माणसं सरळ बाल्कनीच्या सळ्यांवर उभी राहिली आणि मला पायाखाली जाळी खाली जाताना दिसली, उसाच्या पाचटावर पाय दिला की ते कसं बसतं तशी. माल पडायला लागला होता. मी हातभर सळीचा तुकडा घेतला आणि ओल्या काँक्रीटमध्ये उभा दाबला. २० मिलिमीटरवर सळी लागायला पाहिजे होती. तुकडा आत गेला, गेला, गेला आणि मग टण् असा आवाज आला. बोटाने खूण धरून बाहेर काढला आणि टेप लावला, ७५. शेजारी परत दाबला तर ६०, तिसऱ्या ठिकाणी ८० आणि तिथे खाली शटरिंगची, म्हणजे माल धरणाऱ्या साच्याची, प्लायच हाताला लागल्यासारखी वाटली.

मी पंप थांबवायला लावला. पंपवाला ओरडला की पाईपमध्ये माल बसेल, मुकादम ओरडला, ठेकेदाराच्या सुपरवायझरने फोन काढून शेठना लावला. फिटर, बंगालचा मुलगा, माझ्याइतकाच असेल, तेवढा एकटा काही न बोलता खाली वाकला, हात घालून आडवी झालेली खुर्ची ओढून काढली आणि म्हणाला, "दीदी, कल तो खड़ा था." फावड्याने सगळा माल घमेल्यात भरून मागे टाकला, सळ्या हुकाने वर उचलल्या, त्याने तिथल्या तिथे १० एमएमच्या आठ खुर्च्या वाकवल्या, बांधल्या, मी प्रत्येक ठिकाणी टेप लावला, माणसांना उभं राहायला फळ्या टाकल्या आणि मग परत माल. वीस मिनिटं लागली. त्या मुलाने ते काम इतकं सुरेख केलं की नंतर त्याचं नाव विचारून मी ऑफिसच्या लिस्टमध्ये लिहून ठेवलं.

आणि हे सगळं चालू असताना मला पूर्वेची बाल्कनी आठवली.

त्याच खुर्च्या, तीच माणसं, तोच पाईप. मी तिकडे गेले, सळीचा तुकडा दाबला, तो गेला नाही. तीन तास झाले होते, माल धरला होता. म्हणजे आत काय आहे ते कळायचा मार्गच नाही. सरांना फोन लावला, ते महापालिकेत होते, उचलला नाही. कन्सल्टंटला लावला, म्हणाले फोटो पाठव. कशाचा फोटो पाठवू, गुळगुळीत काँक्रीटचा?

माझं मन अडकलंय ते इथे. तीन तासांचं काँक्रीट कच्चं असतं, चार माणसांना पहार घेऊन लावलं असतं तर तासाभरात बाल्कनी मोकळी झाली असती आणि सळ्या साफ करून परत भरता आली असती. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण पश्चिमेला नुकताच एवढा गोंधळ घातलेला, शेवटची गाडी दारात उभी, आणि माझ्याकडे पूर्वेचा पुरावा काहीच नव्हता, फक्त शंका. मी ठरवलं की सरांचा फोन येऊ दे. तो संध्याकाळी साडेसहाला आला. तोवर पहारीची ठिणगी उडेल इतकं ते घट्ट झालं होतं.

सर चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः आले, कन्सल्टंटला घेऊन. त्यांनी ठरवलं की बाल्कनीखालचे टेकू अजिबात काढायचे नाहीत. पुढे कव्हर मीटर, म्हणजे सळी किती खोल आहे ते न तोडता सांगणारं यंत्र, आणून वरून सळ्या शोधल्या, २६ पासून ५८ पर्यंत रीडिंग आली. काही जागी जवळपास ठीक, काही जागी दीड इंच खाली. कन्सल्टंटने हिशेब केला आणि म्हणाले सेफ्टी फॅक्टर धरून पास व्हायला पाहिजे, पण कागदावर विसंबण्यापेक्षा लोड टेस्ट करू. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, ती दिलेली आहे, २८ दिवस झाल्यावर करायची. पूर्ण मृत भार, म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन, अधिक वापराच्या भाराच्या सव्वापट वजन २४ तास ठेवायचं, मग वापराचं वजन काढायचं आणि पुढच्या २४ तासांत बाल्कनी जेवढी वाकली होती त्याच्या किमान ७५ टक्के परत वर यायला पाहिजे. बाल्कनीला वापराचा भार चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास धरतात, सव्वापट करून, पुढे येणाऱ्या टाईल्स, वॉटरप्रूफिंग, रेलिंगचं वजन मिळवून, ५० किलोची ४५ पोती झाली. वाळूची पोती, एकेक काट्यावर वजन करून.

आणि काकांना काय सांगायचं? सर म्हणाले, "सांगू की आपण बाल्कनीची टेस्ट करतो. उगाच घाबरतील, आयुष्यभर त्या बाल्कनीत पाय ठेवणार नाहीत." मी हो म्हणाले. मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलंही होतं.

टेस्टच्या रात्री मी साईटवरच थांबले, काकूंनी शेजारच्या घरून डबा पाठवला. टेकू काढले, टोकाखाली डायल गेज, म्हणजे किती वाकली ते दाखवणारं काट्याचं मीटर, लावला, पोती टोकाकडून नाही तर भिंतीकडून एकसारखी चढवायला लावली. दर दोन तासांनी टॉर्च घेऊन काटा बघायचा. २४ तासांनी १.९० मिलिमीटर. वजन उतरवून आणखी २४ तासांनी १.६० परत आलेलं. ८४ टक्के. मुळाशी भिंगातून बघितलं, भेग नाही. मी तिथेच पोत्यावर बसून रडले.

रविवारी काका सगळ्यांना फोनमधला त्या पोत्यांचा फोटो दाखवत होते. "आमच्या आर्किटेक्टबाईंनी रात्रभर बसून टेस्ट केलीय, कोण करतं एवढं आजकाल?" त्यांच्या पुतण्याला चिंचवडला घर बांधायचंय, त्याने विचारलं ही टेस्ट सगळीकडे करतात का. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी उत्तर द्यावं म्हणून. मी म्हटलं, "सगळीकडे नाही करत." सर ताटातल्या जिलबीकडे बघत होते.

सोमवारी मी काकांची फाईल लावायला घेतली. घर ताब्यात देताना आम्ही देतो ती, प्लंबिंगच्या लाईन कुठून गेल्यात त्याची ड्रॉइंग्ज, पंपाची वॉरंटी, क्यूबचे रिपोर्ट. त्यात लोड टेस्टचा रिपोर्ट लावला, कव्हर मीटरच्या पानासकट. त्या पानावर पहिल्याच ओळीत टेस्ट का केली ते लिहिलंय, सळ्या जागेवरून हलल्याच्या शंकेमुळे. सरांनी लाव म्हणून सांगितलं नव्हतं, लावू नको असंही नाही. फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी चाळली, त्या पानावर थोडे थांबले आणि सही करून परत दिली.

गुरुवारी मी ती तळेगावला घेऊन जातेय. काका प्रत्येक पान वाचणार, लाल पेन घेऊनच वाचतात ते. मी समोर बसणार आहे, त्यांचं वाचून होईपर्यंत.