आरशावरचं मीठ आणि व्याधाचा जोडीदार

परवा रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी दुर्बिणीतून व्याधाचा (सिरियसचा) अंधुक जोडीदार तारा दिसला. जेमतेम पाऊण सेकंद, पण दिसला. वीसेक वेळा व्याधाला दृष्टिक्षेत्राच्या पश्चिम कडेबाहेर जाऊ दिलं. त्यातल्या पाच वेळा, तो कडेआड गेल्यावर त्याच्यामागे एक बारीक करडा ठिपका क्षणभर रेंगाळला आणि गेला. पाचही वेळा जागा तीच होती. अजून एका रात्री असाच दिसला की वहीत पक्की नोंद करेन. तोवर पेन्सिलीने.

पण ही नोंद खरं तर दुर्बिणीच्या दुय्यम (छोट्या) आरशावरच्या दहिवराची आहे, कारण नोव्हेंबरपासूनच्या बहुतेक रात्री त्यानेच खाल्ल्या.

दहिवर धरू नये म्हणून हीटर बसवला होता: दुय्यम आरशाच्या पाठीला ४७० ओहमचे सहा अर्धा वॉटवाले रेझिस्टर समांतर जोडून, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. म्हणजे १.८ वॉटच्या आसपास. (तयार हीटर-पट्टाही मागवून पाहिला होता. चौथ्या रात्री जळका वास यायला लागला. रेझिस्टर, सोल्डर आणि श्रिंक ट्यूब मिळून त्याच्या एक दशांश किमतीत काम होतं, तेव्हा पट्ट्याच्या फंदात पडू नका.) पूर्ण ताकदीवर चालवला की आरसा सुका राहायचा, पण त्याच्यावरून उठणाऱ्या गरम हवेने व्याध उकळायचा, म्हणजे थरथरत दिसायचा. ताकद कमी केली की अर्ध्या तासात आरशावर साय धरायची. मृगातला तेजोमेघ तरीही बरा दिसतो. व्याधाभोवती मात्र दुधाळ वलय पसरतं, आणि जोडीदार नेमका त्या वलयात बुडतो. दोघांत अंतर ११ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास, तेजात फरक सुमारे दहा हजार पट. आरशावर फुंकर मारल्याएवढी वाफ असली तरी संपलं.

कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. आरशाच्या पाठीला चिकटवलेला सेन्सर आरसा दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या) दोन अंश वर असल्याचं सांगत होता, आणि तरीही साय धरत होती. हे व्हायला नको. म्हणून आर्द्रतामापकावरच संशय घेतला आणि मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल इतकंच पाणी, आणि झाकण व मापक दोन्ही हवाबंद डब्यात. मापक बरोबर असेल तर काही तासांनी ७५ टक्के दाखवायला हवा. माझा ७८ दाखवत होता. तीन टक्क्यांनी हे कोडं सुटत नव्हतं.

उरलेलं कोरडं मीठ बशीत, पडवीच्या कठड्यावर राहून गेलं होतं. पहाटे डॉब (माझी डॉब्सोनियन दुर्बीण) आत घेताना पाहिलं तर कठडा कोरडा, बशीची कड कोरडी, आणि मिठाचं पाणी झालेलं. तिथेच उभी राहिले. ओल्या मिठाशेजारची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते, याचा अर्थच असा की हवा त्याहून दमट असली तर कोरडं मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं. दव पडायची वाटच पाहत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याच्याही आधी ओलावतं.

आमचं घर वेळणेश्वरच्या किनाऱ्यापासून साडेतीनशे मीटरवर. आरशावर मिठाचा पापुद्रा असला तर तो सुका ठेवायला आरसा दवबिंदूच्या दोन नव्हे, जवळजवळ पाच अंश वर हवा. दवबिंदू १८ असेल तर आरसा २३ अंशांवर. तेवढं तापवलं की व्याध उकळणारच. हीटर आपलं काम चोख करत होता, आरसाच खारट होता!

मग दुय्यम आरसा उतरवून धुतला. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा दाब न देता फक्त फिरवायचा, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीसाठी विकतात ते सगळंच पाणी सारखं नसतं. काचेवर एक थेंब वाळवून बघा. डाग राहिला तर ते पाणी आरशाला लावू नका. मी दोन कॅन परत केले. कोलिमेशन (आरशांची एकमेकांशी सरळ रेघ) पुन्हा जुळवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यासाठी लेझरपेक्षा माझा भरवसा साध्या चेशायरवर, म्हणजे डोळा लावून बघायच्या नळीवर आहे.

आता हीटर एक तृतीयांश ताकदीवर पुरतो, ०.६ वॉट. पहिल्याच रात्री राजन्यचा (रायजेलचा) जोडीदार १२० पटीत अगदी सुईच्या टोकासारखा स्वच्छ दिसला, आणि ट्रॅपेझियममधला (मृगाच्या तेजोमेघातल्या छोट्या तारकापुंजातला) अंधुक एफ तारा माझ्या ८ इंचीत पहिल्यांदाच. त्या एफवरून उठवत नव्हतं.

मीठ बसलं कधी, तेही वहीतून सापडलं. दुर्बीण निवावी म्हणून मी पाच वाजताच ती अंगणात उघडी ठेवत होते. पण जानेवारीत आमच्याकडे खारे वारे साडेसातपर्यंत वाहतात. मग दहा-साडेदहापर्यंत पान हलत नाही, दहिवर उतरतं ते तेव्हा. अकराच्या सुमारास मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) सुरू होतो, आंब्याच्या मोहोराचा वास घेऊन. परवा त्याच्याबरोबर दवबिंदू १८ वरून १५ वर आला. म्हणजे निवण्याच्या नावाखाली रोज अडीच तास मी आरशाला खारवत होते. आता साडेसातपर्यंत ती पडवीत, तोंडावर झाकण आणि मागचा पंखा चालू. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी 'दोन तास आधी बाहेर काढा' हा सल्ला वाऱ्याची दिशा बघूनच पाळावा. आणि ओली दुर्बीण झाकून ठेवू नका, मीठ ॲल्युमिनियमचा मुलामा खातं.

पुढच्या रात्रींसाठी ठरवलं होतं की व्याध मध्यमंडलावर (आकाशाच्या दक्षिणोत्तर मध्यरेषेवर) यायच्या तासभर आधीच सुरुवात करायची. हे लिहिताना आकृती काढून पाहिली, आणि बेत मोडला. जोडीदार सध्या ईशान्येच्या जरा पूर्वेला आहे. माझ्या दुय्यम आरशाला धरणाऱ्या दांड्या आडव्या-उभ्या आहेत, त्यामुळे तासभर आधी उभ्या दांडीमुळे व्याधाला फुटणारा आडवा किरण जवळपास थेट जोडीदारावर पडतो. मध्यमंडल ओलांडल्यावर पाऊण तासाने तो दोन किरणांच्या बरोबर मधोमध येतो. परवाची वेळ योगायोगाने त्याच पाऊण तासातली होती.

मात्र व्याध रोज चार मिनिटं लवकर येतो. आत्ता पावणेबाराला मध्यमंडलावर असतो, तेव्हा मतलई सुरू झालेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यात पावणेदहालाच येईल, ऐन दहिवराच्या वेळी. दोन्ही जुळणाऱ्या रात्री फार तर दहा उरल्यात. आज आकाश स्वच्छ आहे, चार मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) पुसून ठेवलाय, ३०० पटीत बघणार आहे. ८ इंचीवर कुणी आयपीसच्या आत पट्टी लावून व्याधाला झाकून पाहिलं आहे का? पट्टी कशाची केली तेवढं कळवा, आज रात्रीच्या आत जमलं तर फारच बरं.