तुम्ही विचारलंत म्हणून : मस्तानी राजकन्या होती की नाचणारी?

‘राऊ’ ही बाजीराव-मस्तानीवरची कादंबरी परत करायला आलेला वाचक काउंटरवर थोडा रेंगाळला की मला कळायचं, आता प्रश्न येणार. मस्तानी नक्की कोण? बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाची मुलगी की नाचणारी? मी पाबळची, म्हणजे तिची समाधी आहे त्या गावची, हे कळल्यावर तर सुटका नसे. एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, आता निवृत्त झाले, तरी फोन येतात. दर वेळी मी “इतिहासकारांचं एकमत नाही” एवढं म्हणून विषय मिटवते. तुम्हाला वाटतं, बाई टाळतात. खरंच टाळते. का, ते आज सांगून टाकते.

आमची इनामदारांची ‘राऊ’ दोनदा बांधून घ्यावी लागली, इतकी फिरली. समासात पेन्सिलीची अक्षरं. एकाने लिहिलेलं : ‘राजाची मुलगी होती. पुरावे आहेत.’ त्याखाली दुसऱ्या हाताने : ‘नाचणारीच. उगाच मोठेपणा देऊ नये.’ पुढे कुणा बाईचं बारीक अक्षर : ‘आणि काशीबाईंचं काय?’ शेवटच्या पानावर : ‘खरं प्रेम होतं तर पेशवेपद सोडायचं.’ ही अक्षरं खोडणं माझं काम होतं. काशीबाईंबद्दलचं मी मुद्दाम राहू दिलं, कारण त्या बाईचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पहिली दोन खोडली की महिन्याभरात कुणीतरी पुन्हा तेच लिहून ठेवायचं.

२०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट आला. त्यात ती छत्रसालाची मुलगी आहे. त्या आठवड्यात आमचे एक जुने सभासद, निवृत्त शिक्षक, समाधानाने म्हणाले, “बघा, राजकन्याच होती. म्हणजे बाजीरावांनी काही वावगं केलं नाही.”

त्यांच्या त्या ‘म्हणजे’वर मी अडले. ती नाचणारी असती तर वावगं झालं असतं का? मी विचारलं. ते चपापले. “तसं नाही हो,” म्हणाले, आणि पुस्तक न घेताच गेले. भले गृहस्थ होते. त्यांना दुखवायचं नव्हतं मला.

पण धरून चालू की ती राजकन्या होती. १७२९ मध्ये बाजीरावांनी मुघल सरदार बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडवलं आणि त्याने आपली मुलगी दिली. त्याने पुण्यात काय फरक पडला? १७४० च्या सुरुवातीला बाजीरावांचा मुलगा राघोबाची मुंज आणि पुतण्या सदाशिवरावाचं लग्न होतं. बाजीराव आणि मस्तानीमुळे ब्रह्मवृंद अडून बसला. बाजीराव कार्याला नव्हते आणि मस्तानी कैदेत होती. एप्रिलच्या २८ तारखेला ते नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, आणि त्याच वर्षी ती आमच्या पाबळला. तिच्या मुलाचं नाव बापाने कृष्णराव ठेवलं होतं, पण त्याची मुंज होऊ दिली नाही. तो समशेर बहाद्दर झाला, पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये तिथल्या जखमांनी गेला. तो पेशव्याचा मुलगा याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्या रक्ताने त्याला पंगतीत जागा मिळाली का? मग आईला राजकन्या ठरवून तिला काय मिळणार? मिळतं ते आपल्याला. तिच्यासाठी रडताना संकोच वाटत नाही.

हे मला कायम कळत होतं असं नाही. नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं सहलीची मुलं घेऊन मी पाबळला समाधीवर जायचे आणि छाती भरून सांगायचे, “ही छत्रसाल महाराजांची कन्या.” गावाला मोठेपणा येतो असं वाटायचं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, अगं, दोनच वर्षांपूर्वी तुझ्या घरी काय झालं होतं, ते विसरलीस का?

विसरले नव्हते. आमचं लग्न १९८७ मध्ये नोंदणी पद्धतीने झालं. जात वेगळी, पैसा वेगळा, सगळंच वेगळं. सासरे साक्षीदार म्हणून सही करायला स्वतः आले. त्यांचे सख्खे भाऊ महिनाभर बोलत नव्हते, तरी आले. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल, आणि ते मला चालणार नाही.

पंधरा दिवसांनी वाड्यात सत्यनारायण घातला. माझे आबा आणि आई सकाळच्या एस.टी.ने आले. आबा गावच्या शाळेत शिपाई होते. त्यांनी या दिवसासाठी पांढरा सदरा शिवून घेतला होता आणि हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. ती पिशवी कुणाकडे द्यावी हे त्यांना कळेना, म्हणून ती मांडीवर घेऊन ते बसले. सासूबाईंचे थोरले बंधू समोर होते. त्यांनी अदबीने विचारलं, “आपण कुठे असता?”

आबा तोंड उघडणार तेवढ्यात सासरे म्हणाले, “एज्युकेशन डिपार्टमेंटला आहेत. पाबळकडे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रसादाचे द्रोण भरत होते. मी मान वर केली नाही. त्यांचं बघणं मला कळलं होतं, तरी केली नाही. एकेका द्रोणात किती शिरा घातला ते आजही हाताला आठवतं.

“हो,” आबा म्हणाले. “शिक्षण खात्यात.”

“म्हणजे इन्स्पेक्शनला?”

“नाही. शाळा उघडणं, बंद करणं माझ्याकडं असतं.”

“अरे वा! मोठं काम आहे,” मामा म्हणाले. त्यांना वाटलं, हे शाळांना मंजुरी देणारे कुणी. त्यांनी आबांना शेजारी बसवून घेतलं, पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी वाढायला लावली. आबा एक शब्द खोटं बोलले नव्हते. रोज सकाळी साडेसहाला शाळा तेच उघडायचे, कुलूप तेच लावायचे, घंटा तेच द्यायचे. वीस वर्षांत त्यांची घंटा दोन मिनिटंही चुकली नव्हती. गावात लोक त्या घंटेवर शेतावर जायचे. हे सांगायला माझी जीभ का उचलली नाही?

संध्याकाळी शिवाजीनगरला पोचवायला गेले. वाटलं, आता बोलतील. गाडीत चढताना एवढंच म्हणाले, “सासरा भला माणूस आहे. मला खुर्ची दिली.” २००९ मध्ये ते गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघांनी परत कधी बोलणं काढलं नाही.

सासऱ्यांना पुढे एकदा मी विचारलं. ते म्हणाले, “तुझ्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघू नये म्हणून बोललो गं.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी विश्वास ठेवला, आजही ठेवते. पण तुमच्यातलं कुणी मस्तानीला राजकन्या ठरवतं, तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. प्रेमाने केलेली बढती. त्या बढतीत माणूस आहे तसा चालत नाही, हे गृहीतच धरलेलं असतं.

इथे मीच अडकते. ती कोण होती याने फरक पडत नाही असं म्हणावं, तर मग आबांना अधिकारी म्हटल्यानेही फरक पडायला नको. पण पडला. त्यांची घंटा त्या दिवशी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. म्हणजे कोण होती हे शोधलंच पाहिजे. ती नाचत-गात असेल, तर ती तिची विद्या होती, आणि राजकन्येचा शेला पांघरून आपण तीच झाकतोय. आणि खरोखर छत्रसालाची मुलगी असेल, तर तिला नाचणारी म्हणून हिणवणाऱ्यांनी तिचा बाप चोरला. दोन्हीकडून माझा जीव तुटतो. म्हणून उत्तर देत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. तीन वर्षांपूर्वी मुलीसाठी स्थळं बघायची ठरली. माहितीपत्रक मीच लिहिलं. ‘आजोळ : पाबळ. आजोबा : शिक्षण क्षेत्रात.’ माझा हात कुणी धरला नव्हता, सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीने वाचलं, पेन मागितलं, शेवटचे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘शाळेत शिपाई’. मला काही बोलली नाही.

दोन्ही कागद माझ्याकडे होते. पुढे तीन घरी पत्रक पाठवायचं होतं. दोघांना मी जुनं पाठवलं, एकाला तिचं.